ॲप्टिट्यूड: डिपेन्डन्सीची चूक समजावून सांगणारे, पण घाई न खपवून घेणारे साधन

इंदूरच्या रामबाग भागातल्या एका मराठी वाचनालयाचे सहा संगणक मी फावल्या वेळात सांभाळतो. पाचांवर उबुंटू आहे आणि देवघेवीच्या खिडकीजवळच्या सहाव्यावर डेबियन; दोन्ही लिनक्सचीच रूपे. या संगणकांवर पुस्तकांची सूची ठेवली जाते, सभासदांच्या वर्गणीच्या पावत्या निघतात आणि गेली दोन वर्षे जुन्या दिवाळी अंकांची पाने स्कॅन करून टेसरॅक्ट या अक्षरे ओळखणाऱ्या प्रोग्रामच्या साहाय्याने त्यांतला मजकूर टंकित रूपात आणण्याचे काम चालू आहे. उबुंटूचे पाचही संगणक २२.०४ वरून २४.०४ या आवृत्तीवर नेताना डिपेन्डन्सीच्या, म्हणजे एका पॅकेजला (बसवायच्या प्रोग्रामच्या गठ्ठ्याला) लागणारी दुसरी पॅकेजे न जुळण्याच्या, चुकांनी मला जितके जागवले, तितके एरवी कोणत्याही कामाने जागवले नसेल. त्या रात्रींमध्ये ज्या एका प्रोग्रामवर माझी भिस्त राहिली, त्या ॲप्टिट्यूडबद्दल हे लिहीत आहे. त्याचे उपकार मोठे आहेत. त्याने एकदा मला तोंडघशीही पाडले आहे, आणि तेही पुढे सांगणार आहे.

ज्यांना ॲप्टिट्यूड ठाऊक नाही त्यांच्यासाठी थोडी पार्श्वभूमी सांगतो. इयन मर्डॉक यांनी १९९३ मध्ये डेबियनची घोषणा केली आणि पॅकेज बसवण्या-काढण्यासाठी डीपीकेजी हे साधन तयार झाले. डीपीकेजी हातात दिलेली फाइल बसवते आणि तिला लागणाऱ्या इतर गोष्टी आहेत की नाहीत ते तपासते, परंतु नसतील तर त्या स्वतः शोधून आणत नाही. ती उणीव ॲप्टने भरून काढली. १९९९ मध्ये आलेल्या डेबियन २.१ मध्ये ते प्रथम सर्वांच्या हाती पडले. त्याच वर्षी डॅनियल बरोज यांनी ॲप्टच्याच लायब्ररीवर (अनेक प्रोग्रामना वापरता येणाऱ्या तयार कोडच्या संचावर) आधारलेले ॲप्टिट्यूड लिहायला घेतले. टर्मिनलमध्ये नुसते त्याचे नाव टंकले की मेन्यू आणि याद्या असलेला पूर्ण पडदा उघडतो. नावापुढे कमांड दिली की ते ॲप्टप्रमाणेच ओळीओळीने काम करते. त्याला पैसे पडत नाहीत. उबुंटूबरोबर मात्र ते आपोआप येत नाही, ‘सुडो ॲप्ट इन्स्टॉल ॲप्टिट्यूड’ असे म्हणून मागवावे लागते. माझा पहिला सल्ला हाच, की संगणक ठणठणीत असतानाच ते बसवून ठेवावे. एकदा पॅकेजांची घडी विस्कटली की ॲप्ट दुसरे काहीही बसवायला नकार देते, आणि मग औषधाची बाटली कुलूपबंद कपाटात आणि किल्लीही त्याच कपाटात, अशी गत होते.

ॲप्टिट्यूडची किंमत कळायची असेल तर चूक नेमकी काय सांगत असते ते आधी पाहावे लागते, म्हणून तिथे थोडा थांबतो. प्रत्येक डेब फाइलच्या, म्हणजे पॅकेजच्या फाइलच्या, पोटात नियंत्रणाची एक छोटी फाइल असते. ‘डिपेन्ड्स’ या शब्दापुढे त्या पॅकेजला काय हवे आणि कोणत्या आवृत्तीचे हवे ते तिच्यात लिहिलेले असते; ‘कॉन्फ्लिक्ट्स’ आणि ‘ब्रेक्स’ या शब्दांपुढे कोणाशी जमत नाही ते असते; आणि ‘प्रोव्हाइड्स’पुढे आपण आणखी कोणत्या नावाने उभे राहू शकतो ते असते. त्यात एक मूलभूत नियम असा, की एका नावाच्या पॅकेजची, एका आर्किटेक्चरसाठी (३२ किंवा ६४ बिटांसारख्या प्रोसेसरच्या प्रकारासाठी), एका वेळी एकच आवृत्ती संगणकावर नांदू शकते. सगळी भांडणे बहुधा याच नियमापाशी येऊन थांबतात. एका पॅकेजला लायब्ररीची जुनी आवृत्ती हवी, दुसऱ्याला नवी हवी, आणि जागा एकच. म्हणूनच ओपनएसएसएल या सुरक्षित संपर्कासाठीच्या लायब्ररीच्या लिबएसएसएल१.१ आणि लिबएसएसएल३ यांसारख्या एकमेकांशी न जुळणाऱ्या पिढ्यांची नावेच वेगळी ठेवलेली असतात, म्हणजे निदान त्या शेजारी शेजारी राहू शकतात.

‘द फॉलोइंग पॅकेजेस हॅव अनमेट डिपेन्डन्सीज’ हे वाक्य पडद्यावर उमटले की बहुतेक लोक पुढचे वाचतच नाहीत, आणि खरी माहिती नेमकी पुढच्या ओळींच्या शेपटीत असते. ती शेपटी तीन प्रकारची असते. ओळ ‘नॉट इन्स्टॉलेबल’ने संपत असेल, तर त्या नावाची वस्तू आपल्या ओळखीच्या एकाही रिपॉझिटरीत (इंटरनेटवरच्या पॅकेजांच्या कोठारात) नाही, रिपॉझिटरी बंद पडली असेल, ३२ बिटांचे आर्किटेक्चर जोडलेले नसेल किंवा ते पॅकेज नव्या आवृत्तीतून काढूनच टाकलेले असेल. ओळ ‘बट अमुक इज टू बी इन्स्टॉल्ड’ अशी असून ‘अमुक’च्या जागी आकडा असेल, तर वस्तू आहे पण आवृत्ती चुकीची आहे, आणि दहांतून नऊ वेळा दोन रिपॉझिटऱ्यांची सरमिसळ हे त्याचे कारण असते. तिसरी शेपटी ‘नॉट गोइंग टू बी इन्स्टॉल्ड’ अशी असते, आणि ती सर्वांत फसवी. तिचा अर्थ असा, की वस्तू उपलब्ध आहे, पण तिच्याही खालच्या थरात काहीतरी अडले आहे. ॲप्टच्या जुन्या आवृत्त्या नेमक्या इथे बोट दाखवून थांबतात आणि वर ‘यू हॅव हेल्ड ब्रोकन पॅकेजेस’ असे सांगून आपल्याला भलत्याच रस्त्याला लावतात. ‘ॲप्ट-मार्क शोहोल्ड’ करून पाहावे तर रोखून धरलेले एकही पॅकेज निघत नाही!

काही पॅकेजे अपडेट न करता मागे ठेवली, असे सांगणारा ‘केप्ट बॅक’ हा संदेशही पुष्कळांना चूक झाल्याचा इशारा वाटतो. तो बहुधा चूक नसतोच. उबुंटू २१.०४ पासून ॲप्टही टप्प्याटप्प्याने सोडलेली अपडेट्स ओळखून थांबते. आपला टप्पा आला की ती पॅकेजे आपोआप बसतात. वाचनालयातल्या आमच्या ताईंनी या एका ओळीसाठी मला दोनदा घरून बोलावून घेतले होते.

आता टेसरॅक्टच्या मशिनची हकीकत. उबुंटू २२.०४ मध्ये टेसरॅक्टची ४.१.१ ही आवृत्ती होती आणि जोडाक्षरांची ओळख सुधारावी म्हणून आम्ही बाहेरच्या एका रिपॉझिटरीतून ५.५ मागवली होती. २४.०४ वर जाताना अपग्रेडरने अशा बाहेरच्या सर्व रिपॉझिटऱ्या बंद केल्या. ते त्याचे कर्तव्यच आहे. पण तिथून आधी आलेली पॅकेजे मात्र जागच्या जागी राहिली, कारण २४.०४ मधली टेसरॅक्टची आवृत्ती ५.३.४ आहे आणि ॲप्ट आपणहून मोठ्या आकड्यावरून लहान आकड्यावर उतरत नाही. सहा महिने कोणाला पत्ताही लागला नाही. मग ताईंचा मुलगा, जो इंजिनीअरिंगच्या तिसऱ्या वर्षाला आहे आणि पायथनमधून टेसरॅक्ट चालवण्याचा खटाटोप करत होता, त्याने लिबटेसरॅक्ट-डेव्ह मागितले आणि पडद्यावर दुसऱ्या प्रकारची शेपटी उमटली: लिबटेसरॅक्ट५ ची बरोबर ५.३.४ हीच आवृत्ती हवी, पण ५.५ बसणार आहे.

“काका, मोठी आवृत्ती असताना लहान का मागतंय?” त्याने विचारले. प्रश्न अगदी रास्त होता. डेव्ह प्रकारच्या पॅकेजात लायब्ररीची हेडर फाइल (तिच्यावर नवे प्रोग्राम बांधताना लागणारे तिचे वर्णन) असते आणि ती त्याच बांधणीतल्या लायब्ररीशी जुळावी लागते, म्हणून त्याच्या डिपेन्ड्समध्ये ‘यापेक्षा मोठी चालेल’ असे चिन्ह नसते, नुसते ‘बरोबर’चे चिन्ह असते. ही एक खूण ज्याला वाचता आली त्याचा निम्मा त्रास कमी होतो.

तिथे मी ॲप्टिट्यूडचा पूर्ण पडदा उघडला नाही, नुसती ‘ॲप्टिट्यूड इन्स्टॉल’ ही कमांड दिली. त्याने पहिला तोडगा असा सुचवला: लिबटेसरॅक्ट-डेव्ह सध्या बसवलेले नाही, ते न बसवलेलेच ठेवू. म्हणजे तक्रार मिटली, कारण मागणीच मागे घेतली! हे ॲप्टिट्यूडचे खास वागणे आहे आणि नवख्याला त्याचा राग येतो. पण तोडग्याच्या खाली तो मान्य आहे का, असा प्रश्न असतो आणि त्याला वाय, एन आणि क्यू अशी उत्तरे देता येतात. एन दाबल्यावर त्याने दुसरा तोडगा काढला: लिबटेसरॅक्ट५ आणि टेसरॅक्ट-ओसीआर ही दोन पॅकेजे ५.५ वरून ५.३.४ वर उतरवावीत आणि मग डेव्ह बसवावे. कोणत्या पॅकेजची कोणती आवृत्ती आहे आणि कोणती होणार, हे त्याने बाणासह लिहून दाखवले. वाय दाबले, दीड मिनिटात काम झाले. ॲप्टनेही हे करता आले असते. पण त्यासाठी उतरवायच्या प्रत्येक पॅकेजचे नाव आणि पूर्ण आवृत्ती मला आधी माहीत असायला हवी होती आणि ती ‘ॲप्ट-कॅश पॉलिसी’ने एकेक करून काढावी लागली असती. इथे पॅकेजे दोनच होती. ती बारा असती तर ॲप्टच्या वाटेने जाण्याचा उत्साह माझ्यात उरला नसता.

आवृत्त्यांच्या आकड्यांबद्दल जाता जाता सांगायला हवे, कारण त्यांची तुलना शाळेतल्या दशांश अपूर्णांकांसारखी होत नाही. १.१० ही १.९ पेक्षा मोठी असते. आकड्यात टिल्ड चिन्ह आले की ती आवृत्ती त्या चिन्हाशिवायच्या आवृत्तीपेक्षा लहान समजली जाते, आणि सुरुवातीला विसर्गचिन्हासारखा कोलन असेल तर त्याच्या डावीकडचा आकडा बाकी सगळ्यावर मात करतो. शंका असेल तर ‘डीपीकेजी कंपेअर-व्हर्जन्स’ला विचारून खात्री करून घ्यावी.

दुसरे प्रकरण स्कॅनरचे. स्कॅनर बनवणाऱ्या कंपनीने लिनक्ससाठी दिलेली डेब फाइल काही वर्षांपूर्वीची होती आणि तिला लिबएसएसएल१.१ हवे होते. उबुंटूने २२.०४ पासून ओपनएसएसएलची ३ ही पिढी स्वीकारली आणि १.१ रिपॉझिटरीतून गेली. माझ्या गैरहजेरीत कोणीतरी ती फाइल ‘डीपीकेजी -आय’ने बसवण्याचा प्रयत्न केला. डीपीकेजीने फाइल उलगडली, डिपेन्डन्सी मिळेना म्हणून जुळवणी अर्धवट सोडली, आणि त्या क्षणापासून त्या संगणकावर कोणतेही पॅकेज बसेना. ‘डीपीकेजी -एल’च्या यादीत निरोगी पॅकेजापुढे दोन आय असतात, इथे आय आणि यू होते, म्हणजे उलगडले आहे पण मांडले नाही. ॲप्टने सुचवल्याप्रमाणे ‘फिक्स-ब्रोकन’ केले असते तर त्याने स्कॅनरचे पॅकेज मुकाट्याने काढायला घेतले असते, आणि ज्याने ते बसवले तो पुन्हा बसवायला धावला असता. असे चक्र आधी दोन वेळा फिरून गेले होते, हे मला मागाहून कळले.

ॲप्टिट्यूडचा पूर्ण पडदा इथे उपयोगी पडला. बी ही कळ दाबली की ते पुढच्या मोडक्या पॅकेजावर नेऊन उभे करते. त्यावर एंटर दाबले की त्याच्या सगळ्या डिपेन्डन्सीज उघडतात आणि न मिळालेली ओळ लाल दिसते. लिबएसएसएल१.१ च्या ओळीखाली एकही उपलब्ध आवृत्ती नव्हती. म्हणजे ही पहिल्या प्रकारची चूक, आणि तिच्यावर कोणत्याही सॉल्व्हरकडे (पॅकेजांचा मेळ घालून तोडगा शोधणाऱ्या भागाकडे) उपाय नसतो, कारण जे जगात शिल्लक नाही ते तो आणणार कुठून? जुन्या आवृत्तीच्या रिपॉझिटरीतून लिबएसएसएल१.१ ची डेब फाइल हाताने आणून बसवण्याचा उपाय इंटरनेटवर सर्रास सांगितला जातो. मी तो केला नाही. सुरक्षेची दुरुस्ती थांबलेली लायब्ररी सभासदांची नावे-पत्ते असलेल्या संगणकावर ठेवणे मला पटत नाही. कंपनीचे पॅकेज काढून टाकले आणि त्याऐवजी उबुंटूच्याच रिपॉझिटरीतली सेन-एअरस्कॅन आणि आयपीपी-यूएसबी ही स्कॅनर चालवणारी पॅकेजे वापरून पाहिली. स्कॅनर विनाड्रायव्हर चालणाऱ्या पिढीतला निघाला आणि तासाभरात अंकांची पाने पुन्हा वर येऊ लागली.

याच सुमारास ॲप्टिट्यूडची एक उणीवही लक्षात आली. ‘ॲप्टिट्यूड व्हाय’ ही कमांड मला फार आवडते. एखादे पॅकेज संगणकावर कोणामुळे आले, याची साखळी ती एकेका ओळीत उलगडून दाखवते. तिचे जुळे भावंड ‘व्हाय-नॉट’ हे पॅकेज का बसत नाही ते सांगते, असे नावावरून वाटते. प्रत्यक्षात ते भांडण शोधते, अभाव शोधत नाही. दोन पॅकेजांचे पटत नसेल तर ते कोणाचे कोणाशी पटत नाही, हे नेमके सांगते. पण वस्तूच गायब असेल तर काढण्याचे कारण सापडत नाही, एवढेच म्हणून मोकळे होते. स्कॅनरच्या वेळी मी त्या उत्तरावर वीस मिनिटे घालवली.

२४.०४ वर येणाऱ्या आणखी एका गोंधळाचा इथे उल्लेख करतो, कारण तो समजला नाही तर माणूस स्वतःलाच दोष देत बसतो. ३२ बिटांत सेकंद मोजणारी घड्याळे १९ जानेवारी २०३८ रोजी, आपल्याकडे सकाळी ८ वाजून ४४ मिनिटे झालेली असताना, भरून जातील. त्यावर उपाय म्हणून वेळेसाठी ६४ बिट वापरण्याचे ठरले आणि पुष्कळ लायब्रऱ्या नव्याने बांधून त्यांच्या नावांपुढे टी६४ हे शेपूट जोडले गेले. बदलाची खरी गरज ३२ बिटांच्या संगणकांना होती, पण नावे ६४ बिटांवरही बदलली. परिणामी लिबअसाउंड२ ही आवाजाची लायब्ररी मागितली की ‘नो इन्स्टॉलेशन कँडिडेट’ असे उत्तर येते, कारण ते आता नुसते नाव आहे आणि त्या नावाने उभे राहणारी पॅकेजे दोन आहेत. हवे असते ते लिबअसाउंड२टी६४. ॲप्टिट्यूडच्या पडद्यावर जुने नाव शोधले तर ते कोण पुरवते, त्यांची यादी त्याच्याखाली दिसते, आणि गोष्ट दोन मिनिटांत उलगडते.

आता माझी फजिती. एका जुन्या टंकलेखन प्रोग्रामसाठी, ज्यात पंधरा वर्षांपूर्वीच्या कार्यक्रमपत्रिका अडकल्या आहेत, मला विंडोजचे प्रोग्राम लिनक्सवर चालवणारे वाइन, तेही ३२ बिटांचे, हवे होते. एकाच लायब्ररीची ६४ आणि ३२ बिटांची रूपे शेजारी ठेवायची असतील तर दोघांची आवृत्ती तंतोतंत एक असावी लागते. त्या संगणकावर काही लायब्रऱ्या बाहेरच्या रिपॉझिटरीतून आलेल्या होत्या आणि तिथे ३२ बिटांचे रूप ठेवलेलेच नव्हते. ॲप्टिट्यूडने तोडगा काढला. त्याची यादी दोन पडदे भरून होती आणि तिच्या वरच्या भागात ‘रिमूव्ह’ हा शब्द होता. रात्रीचे साडेदहा वाजले होते, सराफ्याच्या रात्रीच्या खाऊबाजारात मंडळी वाट पाहत होती, मी वाय दाबले. त्याने सव्वाशेच्या वर पॅकेजे काढू का, असे पुन्हा विचारले आणि मी पुन्हा वाय दाबले. दुसऱ्या दिवशी सकाळी ताईंनी संगणक चालू केला तेव्हा काळ्या पडद्यावर लॉगिनची एक ओळ लुकलुकत होती. डेस्कटॉप गेला होता. यात ॲप्टिट्यूडचा काही दोष म्हणता येणार नाही, त्याने दोनदा विचारले होते. तरीही माझी तक्रार आहे, की वाइन बसवण्याच्या मागणीसाठी अख्खा डेस्कटॉप काढणे हा तोडगा त्याने यादीत इतका वर आणायला नको होता. काढलेल्या पॅकेजांची संपूर्ण नोंद /व्हार/लॉग/ॲप्टिट्यूड या फाइलमध्ये मिळाली आणि तिच्यावरून सगळे परत बसवले, यासाठी मात्र त्याचे आभार मानायला हवेत.

आणखी एक खोड अशी, की ते विसरत नाही. पूर्ण पडद्यावर आपण काही पॅकेजांवर खुणा केल्या आणि काम न करताच बाहेर पडलो, तरी त्या खुणा ते जपून ठेवते, आणि पुढच्या आठवड्यात आपण भलत्याच कामासाठी कमांड दिली की जुने बेतही पार पाडायला निघते. ‘ॲप्टिट्यूड कीप-ऑल’ने पाटी कोरी होते. माझ्या हाताला ती कमांड आता सवयीची झाली आहे; ज्याला नसेल त्याने शिकून घेतलीच पाहिजे.

वेगाबद्दल फार अपेक्षा ठेवू नये. पॅकेजांचा असा मेळ बसवणे हा गणिताच्या दृष्टीने अवघड, एनपी-कम्प्लीट वर्गात मोडणारा प्रश्न आहे, त्यामुळे गुंता मोठा असला की कोणताही सॉल्व्हर अडखळतो. ॲप्टिट्यूड अडखळताना किती तोडगे उघडे, किती बंद, किती लांबणीवर, असे आकडे धावते दाखवते. आमच्या चार जीबीच्या संगणकावर ते आकडे पाहत मी एकदा पूर्ण कप चहा संपवला आहे. त्याच पडद्याच्या मेन्यूत माइनस्वीपरचा खेळ आहे आणि ‘ॲप्टिट्यूड मू’ असे टंकले तर या प्रोग्राममध्ये गंमतजंमत काही नाही, असे ते गंभीरपणे सांगते. लिहिणाऱ्याला वाट पाहणाऱ्यांची दया आली असावी.

प्रत्येक बिघाडाला ॲप्टिट्यूड लागते असेही नाही. जुलैतल्या एका संध्याकाळी वादळी पावसात अपडेट चालू असताना वीज गेली आणि परत आल्यावर डीपीकेजी मध्येच थांबल्याचा संदेश आला. तिथे संदेशातच दिलेली ‘डीपीकेजी --कॉन्फिगर -ए’ ही कमांड चालवली आणि दोन मिनिटांत सारे जागेवर आले. कुलपाबद्दलचा, म्हणजे लॉक मिळत नसल्याचा संदेश आला तर पाच मिनिटे थांबणे हाच उत्तम उपाय. पार्श्वभूमीला अपडेट चालू असते. कुलपाची फाइल पुसून टाकण्याचा जो सल्ला मिळतो तो पाळून मी एक संगणक पूर्वी खराब केला आहे.

इतर पर्यायांपैकी सिनॅप्टिक माउसने चालणारे आहे, त्यात मोडकी पॅकेजे वेगळी गाळून दाखवता येतात आणि ती दुरुस्त करण्याची सोय मेन्यूत आहे. ताई तेच वापरतात. ते दुरुस्त करते, पण का बिघडले होते हे विशेष सांगत नाही. ॲप्ट मात्र गेल्या काळात सुधारले आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये आलेल्या डेबियन १३ मध्ये ॲप्ट ३.० आहे, त्यात बसणारी आणि निघणारी पॅकेजे वेगवेगळ्या रंगांत, रकाने पाडून दिसतात आणि नवा सॉल्व्हरही सोबत आला आहे. खिडकीजवळच्या संगणकावर ते बसवल्यापासून तिथे ॲप्टिट्यूड उघडण्याची वेळ फारशी आलेली नाही. माझ्या त्या रात्री काढली जाणारी सव्वाशे नावे लाल रंगात दिसली असती तर बहुधा माझे बोट थांबले असते.

गुण द्यायचे तर मी ॲप्टिट्यूडला पाचांपैकी साडेतीन देईन. दीड गुण कापला तो पहिल्या तोडग्याच्या आगाऊपणासाठी आणि ‘व्हाय-नॉट’च्या अर्धवट उत्तरांसाठी. ज्याच्या संगणकावर फक्त उबुंटूची स्वतःची रिपॉझिटरी आहे, बाहेरचे काही नाही, त्याला याची गरज पडणार नाही. ज्याने हौसेने चार ठिकाणांहून पॅकेजे गोळा केली आहेत, त्याने ते बसवावे आणि ‘एन’ची कळ ‘वाय’च्या आधी शिकावी.

गेल्या रविवारी पाचही संगणकांवर ‘ॲप्टिट्यूड सर्च’ला टिल्ड आणि ओ हे चिन्ह देऊन पाहिले. ज्या बसलेल्या पॅकेजांना आता कोणतीही रिपॉझिटरी ओळखत नाही, त्यांची यादी यातून मिळते. पुढच्या अपग्रेडला खोडा घालणारी मंडळी बहुधा याच यादीत बसलेली असतात. एकंदर एकतीस निघाली. अठ्ठावीस काढली, आणि प्रत्येक काढणीपूर्वी यादी शेवटच्या ओळीपर्यंत वाचली. उरलेली तीन त्या जुन्या टंकलेखन प्रोग्रामची आहेत. कार्यक्रमपत्रिकांपैकी २००९ आणि २०१० च्या युनिकोडमध्ये आणून झाल्या आहेत, २०११ च्या चालू आहेत, आणि तोवर ती तीन पॅकेजे ‘ॲप्ट-मार्क होल्ड’ करून तशीच ठेवली आहेत.